सोलापुरात राहून जुन्या सागरी वस्तूंचा संग्रह: सुरुवात कुठून करावी, काय तपासावं, कसं जपावं

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. पुढे नरोत्तम मोरारजी आणि इतर भागीदारांबरोबर त्यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. त्या मार्गावर तेव्हा ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी होती. १९६४ पासून देशभर राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो, तो याच तारखेला. विशाखापट्टणमचा जहाजबांधणीचा कारखानाही वालचंदांनीच १९४१ मध्ये सुरू केला. तिथे बांधलेल्या ‘जलउषा’चं जलावतरण मार्च १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झालं.

हे आधी सांगायचं कारण असं की सोलापुरात कोणाला जुन्या सागरी वस्तूंचा नाद लागला की त्याची नजर थेट पितळी सेक्स्टंटवर (सूर्याचा क्षितिजापासूनचा कोन मोजायचं उपकरण), दुर्बिणीवर, सुकाणूच्या चाकावर जाते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली ही गत. आपल्या गावाचा जहाजांशी असलेला धागा कागदात आहे, आणि नवख्या संग्राहकाची फसगतही कागदात सर्वांत कमी होते. पितळेत ती सर्वांत जास्त होते.

माझं ठाम मत आहे की ज्या वस्तूचा माग काढता येतो किंवा जी स्वतः चालून दाखवते, तीच घ्यावी. तिसरा प्रकार, म्हणजे नुसती जुनी दिसणारी वस्तू, दिवाणखान्याच्या शोभेसाठी ठीक आहे, पण तिला संग्रहात जागा देऊ नये. पुढचं सगळं या एका कसोटीवर बेतलेलं आहे.

पहिली पायरी: हद्द ठरवा, आणि सुरुवात कागदाने करा

‘सागरी वस्तू’ म्हटलं तर त्यात नांगरापासून बोटीवरच्या चमच्यापर्यंत सगळं येतं. सगळंच घेत सुटलं तर वर्षभरात घराचं गोदाम होतं आणि हाती धड काही लागत नाही. म्हणून एक हद्द आखून घ्यावी. सोलापूरकराला सहज जमतील अशा तीन हद्दी मला दिसतात: सिंधिया कंपनी आणि भारतीय जहाजवाहतूक, नकाशावर काम करायची साधनं, म्हणजे पॅरलल रूलर, डिव्हायडर, स्टेशन पॉइंटर, जुने चार्ट (सागरी नकाशे), आणि हवामानाची उपकरणं, म्हणजे बॅरोमीटर, बॅरोग्राफ, थर्मामीटर. सेक्स्टंट आणि क्रोनोमीटर, म्हणजे बोटीवरचं काटेकोर घड्याळ, नंतर. हात बसल्यावर.

सिंधियाच्या कागदांत शेअर सर्टिफिकेटं, वार्षिक अहवाल, तिकिटं, सामानाची लेबलं, कॅलेंडरं, बोटींचे फोटो असं बरंच काही येतं. कंपनीच्या बोटींची नावं बहुधा ‘जल’ने सुरू होत, त्यामुळे रद्दीच्या ढिगातही ती पटकन ओळखू येतात. शेअर सर्टिफिकेट हातात आलं की साधं दहापट भिंग घेऊन छपाई पाहा. जुन्या छपाईत रेषा सलग आणि कडा धारदार दिसते. आजच्या प्रिंटरवर काढलेल्या नकलेत तीच रेषा रंगीबेरंगी ठिपक्यांची बनलेली असते. सहीची शाई कागदात मुरलेली असावी आणि पाठीमागून थोडी उमटलेली दिसावी. कंपनीचा उठावाचा शिक्का बोटाला लागतो. घडीवर कागद झिजतो आणि घडीत अडकलेली धूळ बाहेरच्या धुळीपेक्षा काळी असते. चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ केलेल्या कागदाचा रंग मात्र सगळीकडे सारखा असतो, घडीतसुद्धा.

जुना चार्ट घेताना खालची डावी बाजू आधी पाहावी. आरमारी चार्टवर तिथे वेळोवेळी केलेल्या छोट्या दुरुस्त्यांच्या तारखा लिहिलेल्या असतात. नव्या दीपस्तंभाची, सापडलेल्या खडकाची नोंद कोणा अधिकाऱ्याने शाईने चार्टवर केली आणि खाली तारीख टाकली, यावरून तो चार्ट खरोखर वापरात होता हे कळतं. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चार्टला कडेने पत्र्याचा दाब उमटलेला असतो, तिरक्या उजेडात तो दिसतो. खोली फॅदममध्ये आहे की मीटरमध्ये, हेही पाहा. एक फॅदम म्हणजे सहा फूट, आणि फॅदमचे चार्ट सहसा आधीच्या काळातले.

एक कळकळीची विनंती: जुना कागद लॅमिनेट करू नका. आपल्याकडे मौल्यवान कागद दिसला की तो लॅमिनेशनच्या दुकानात जातो, आणि तिथेच त्याचं आयुष्य संपतं. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, आडवा, अंधारात ठेवा. एवढं पुरतं.

दुसरी पायरी: वस्तू कुठे शोधायच्या

सोलापुरात भंगारवाले, जुन्या फर्निचरचे व्यापारी, रद्दीवाले आणि बंद पडलेल्या गिरण्यांचं सामान उचललेली मंडळी, एवढे रस्ते आहेत. त्यांच्याशी ओळख ठेवा, चहाला बसा, काय शोधताय ते फोटो दाखवून सांगा. नाही तर पितळ वजनावर मोडीत जातं आणि आपल्याला चार दिवसांनी कळतं. मुंबईच्या गोदीत किंवा बोटीवर नोकरी करून गावी परतलेल्यांची घरंही असतात. तिथे वस्तूपेक्षा आधी माणसाची आठवण टिपून घ्या. बोटीचं नाव, हुद्दा, साल एवढं जरी मिळालं तरी साध्या डिव्हायडरच्या जोडीला अर्थ येतो.

गिरण्यांतून निघालेला दाबमापक किंवा आर्द्रतामापक ‘जहाजावरचा’ म्हणून विकला जातो. तसाच आमच्याकडचा खास सापळा म्हणजे रेल्वेचा कंदील. सोलापूर जुन्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरचं मोठं ठाणं, त्यामुळे ‘जीआयपीआर’ छापाचे हातकंदील इथे निघतात आणि बोटीचे दिवे म्हणून खपवले जातात. ओळख सोपी आहे. गार्डच्या कंदिलाला फुगीर, गुळगुळीत काच असते आणि आतल्या रंगीत काचा फिरवून लाल-हिरवा करता येतो. बोटीचा बाजूचा दिवा एकाच रंगाचा असतो: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. त्याची काच आडव्या कड्यांची, पैलूदार असते आणि प्रकाश ठरावीक कोनातच पडेल अशी त्याची घडण असते. बाजूच्या दिव्याला ११२.५ अंश, डोलकाठीवरच्या पांढऱ्या दिव्याला २२५, मागच्याला १३५. जीआयपीचा कंदील सोलापूरच्या दृष्टीने मोलाचा आहेच, जरूर घ्या. फक्त त्याला कंदिलाची किंमत द्या.

मुंबईला जायचं तर रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघून सकाळी चोरबाजार गाठता येतो. शुक्रवारी पहाटे रस्त्यावरचा बाजार भरतो, पण मटण स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची पक्की दुकानं त्या दिवशी बहुधा बंद असतात. म्हणून नीट पाहून, घासाघीस करून घ्यायचं असेल तर दुसरा वार धरा. रे रोडजवळचं दारूखाना हे मुंबईतलं जहाजं तोडण्याचं ठिकाण. जुनी विमानवाहू ‘विक्रांत’ २०१४ मध्ये तिथेच तोडायला घेतली. तेव्हापासून ‘विक्रांतची’ म्हणून बरीच पितळी वस्तू फिरते. मागे कागद नसेल तर त्या नावाचे जादा पैसे देऊ नका.

गुजरातेत भावनगरजवळ अलंगला १९८३ पासून जहाजं तोडली जातात, आणि रस्त्याच्या दुतर्फा मैलोन्मैल खाडे, म्हणजे गोदामवजा दुकानं आहेत. एका खाड्यात नुसत्या खुर्च्या, दुसऱ्यात नुसती भांडी, तिसऱ्यात दिवे आणि घड्याळं. तिथे मिळणारा माल अस्सल असतो, पण तो जुना किती हे समजून घ्या. मालवाहू बोट साधारण पंचवीस-तीस वर्षं चालते आणि मग तुटायला येते. म्हणजे आज अलंगला निघणारं सामान विसाव्या शतकाच्या अखेरचं किंवा त्यानंतरचं. ‘अलंगहून आलेला १८९०चा होकायंत्र’ असं कोणी म्हणालं तर बोट कोणती, कधी बांधलेली, एवढंच विचारा. उलट, चालू स्थितीतलं साधं बोटीवरचं घड्याळ, अनेरॉइड (पाऱ्याविना, पोकळ डबीवर चालणारा) बॅरोमीटर, चार्टरूममधले रूलर यांसाठी अलंगसारखी जागा नाही.

तिसरी पायरी: नकली पितळ ओळखणं

इथे थोडं थांबावं लागेल, कारण पैसे इथेच बुडतात. रुडकी आणि मुरादाबाद इथे शोभेच्या सागरी वस्तू मोठ्या प्रमाणावर बनतात. रुडकीला सर्वेक्षणाची उपकरणं बनवण्याची जुनी परंपरा आहे, मुरादाबादला पितळेची. तिथले कारागीर कसबी आहेत आणि वस्तू शोभेची म्हणूनच बनवतात. घोटाळा पुढे होतो, कोणीतरी ती तेजाबात काळपट करून ‘आजोबांची’ म्हणून पुढे ढकलतो तेव्हा.

सर्वांत आधी नाव आणि साल वाचा. ‘केल्व्हिन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७’ असं कोरलेले सेक्स्टंट पोत्याने मिळतात. केल्व्हिनची कंपनी आणि हेन्री ह्यूजेसची कंपनी एकत्र आल्या त्या १९४७ मध्ये. १९१७ साली हे नावच नव्हतं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली म्हणून सांगितलेल्या दुर्बिणीवर १९१५ साल असेल तर राणी १९०१ मध्येच वारली हे आठवा. जुने कारागीर मोठ्या अक्षरांत साल कोरत नसत. ते अनुक्रमांक टाकत, आणि तारीख पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या तपासणी-दाखल्यावर असे. इंग्लंडमध्ये क्यू वेधशाळेत आणि नंतर नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत अशी तपासणी होई. दाखल्यावरचा अनुक्रमांक आणि उपकरणावरचा अनुक्रमांक जुळला तर समजावं की वस्तू आणि पेटी एकाच घरच्या आहेत.

मग स्क्रू पाहा. फिलिप्स म्हणजे फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले. १८८५च्या वस्तूत ते असतील तर दुरुस्ती तरी झालीय किंवा वस्तूच नवी आहे. एकरेघी स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या असतील तर आधी कोणीतरी चुकीच्या पेचकसाने आत हात घातलेला आहे.

मग झीज. खरी झीज बोटं लागतात तिथे असते: सेक्स्टंटच्या मुठीवर, पकडीच्या खटक्यावर, दुर्बिणीच्या सरकत्या नळीवर. रासायनिक काळपटपणा कानाकोपऱ्यात सारखाच बसलेला असतो. पेटीच्या झाकणावर पितळी नांगर जडवलेला असेल तर ती पेटी दुकानात ठेवायला बनवलेली समजा. खऱ्या पेटीच्या आत उपकरणाच्या आकाराचे लाकडी ठोकळे, जादा दुर्बिणीच्या जागा आणि आरसे जुळवायची छोटी किल्ली असते.

आणि शेवटी व्हर्नियर. ही चाचणी कोणालाही जमते आणि ती खोटं बोलू देत नाही. सेक्स्टंटच्या चापावर मुख्य अंशपट्टी असते आणि फिरत्या हाताच्या टोकाला छोटी व्हर्नियर पट्टी. हा फिरता हात हलवून व्हर्नियरचं शून्य मुख्य पट्टीच्या कुठल्याही एका रेघेवर अचूक आणा, आणि भिंगातून व्हर्नियरची शेवटची रेघ पाहा. खऱ्या उपकरणात तीही मुख्य पट्टीच्या एका रेघेशी तंतोतंत जुळलीच पाहिजे, आणि मधली एकही जुळता कामा नये. मग हात किंचित पुढे सरकवा: जुळणारी रेघ व्हर्नियरवर एकेक करून पुढे चालत जाते. शोभेच्या सेक्स्टंटवर या रेघा नुसत्या नक्षीसारख्या मारलेल्या असतात, काही केल्या जुळत नाहीत. विसाव्या शतकातल्या पुष्कळ सेक्स्टंटना व्हर्नियरऐवजी बारीक अंशांचा गोल ड्रम असतो. तिथे ड्रमचा एक पूर्ण फेरा आणि चापावरचा एक अंश यांचा मेळ बसतो का ते चापाच्या दोन्ही टोकांशी आणि मध्ये पाहावं.

डायव्हिंग हेल्मेट आणि सुकाणूची चाकं यांच्या नादी नवख्याने लागूच नये, इतक्या नकला आहेत. सीब गोर्मन या ब्रिटिश कंपनीच्या खऱ्या हेल्मेटवर वरच्या घुमटाचा आणि खालच्या छातीपट्टीचा क्रमांक जुळवून पाहता येतो, एवढं लक्षात असू द्या. दुर्बीण घेताना दुकानाबाहेर येऊन लांबच्या पाटीवरची अक्षरं वाचा. कडांना जांभळी-पिवळी झालर आणि धुरकट चित्र म्हणजे शोभेची वस्तू.

सुरुवातीला घ्यायलाच हवी अशी एक वस्तू सुचवतो: वॉकरचं पेटंट लॉग. बर्मिंगहॅमच्या या कारखान्याचं यंत्र बोटीच्या मागच्या कठड्याला लावत. दोरीच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा असे, आणि किती मैल कापले ते तबकडीवर दिसे. दणकट, पितळी, आणि हाताने फिरवलं तर काटे हलताना दिसतात. सेक्स्टंटइतकी त्याला मागणी नसल्याने नकलाही कमी.

चौथी पायरी: सोलापुरात बसून चाचणी

बॅरोमीटरपासून सुरू करू. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे ५० मिलिबारने, म्हणजे जवळजवळ दीड इंच पाऱ्याने कमी असतो. बोटीवरचा बॅरोमीटर समुद्रपातळीला लावलेला असतो. तो सोलापुरात आणून टांगला की काटा साडेअठ्ठावीस इंचांच्या खाली जातो आणि स्वच्छ निळ्या आभाळाखाली ‘स्टॉर्मी’ दाखवतो. घाबरू नका, उपकरण बरोबर आहे. उलट सोलापूरच्या दुकानात काटा ऐटीत ‘फेअर’वर उभा असेल तर एक तर मागचा स्क्रू फिरवून तो इथल्या उंचीला जुळवलाय, किंवा तो अडकलेला आहे.

अडकलाय की चालतोय, हे कळायला दोन उपाय. पहिला दुकानातच: बॅरोमीटर मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि पिशवी हलक्या हाताने दाबा. काटा चढायला हवा, सोडल्यावर परत यायला हवा. दुसरा घरी: आपल्या अक्षांशावर हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक आणि दुपारी चारच्या सुमारास बराच खाली असतो. फरक तीन-चार मिलिबारचा, म्हणजे इंचाचा दहावा भाग. आठवडाभर दहा आणि चार वाजता काचेवर बोटाने हलकी टिचकी मारून काटा वाचा आणि वहीत लिहा. हा चढउतार नीट दिसला तर अनेरॉइडची पोकळ डबी शाबूत आहे. पाऱ्याचा नळीचा बॅरोमीटर मात्र आडवा करून बस-रेल्वेने आणू नका. पारा सांडला तर त्याची वाफ विषारी असते, आणि पाठवण्याआधी नळी बंद करायला जाणकारच हवा.

आता सेक्स्टंट. आकाशातल्या सूर्याचा क्षितिजापासूनचा कोन मोजायचा, हे त्याचं काम. जॉन हॅडलीने १७३१ मध्ये ऑक्टंट दाखवला, आणि १७५७ च्या सुमारास त्याचा चाप वाढवून सेक्स्टंट झाला. चाप ६० अंशांचा, पण आरशामुळे कोन दुप्पट मिळतो, म्हणून मोजता येतात १२० अंश.

आधी आरशांची तपासणी. सेक्स्टंटचा फिरता हात चापाच्या साधारण मध्यावर ठेवा, सेक्स्टंट आडवा धरून त्या हातावरच्या मोठ्या आरशात तिरपं पाहा. खरा चाप आणि आरशातला चाप एकसलग रेषेत दिसले पाहिजेत; मध्ये पायरी दिसली तर आरसा कललेला आहे. मग फिरता हात शून्यावर लावून किमान दोन-तीन किलोमीटर दूरची ठळक वस्तू पाहा. सोलापूरच्या सपाट माळावर गच्चीवरून एखादं लांबचं धुराडं किंवा पाण्याची टाकी सहज सापडते. तिची दोन चित्रं एकात एक मिसळेपर्यंत हात हलवा आणि वाचन घ्या. शून्यापासून जेवढं वेगळं येईल ती उपकरणाची चूक, पुढच्या प्रत्येक मापातून वजा किंवा मिळवायची.

समुद्राचं क्षितिज आपल्याकडे नाही. त्याला जुन्या खलाशांचा आणि सर्वेक्षकांचा उपाय आहे: कृत्रिम क्षितिज. पसरट काळ्या ताटलीत जाड, काळा द्रव ओतायचा. जिल्हाभर ऊस आणि गुऱ्हाळं असल्यावर काकवीपेक्षा सोपं काय आहे? तिच्यावर वाऱ्याने लहरी उठत नाहीत. वापरलेलं इंजिन ऑइलही चालतं. द्रवाचा पृष्ठभाग आपोआप समपातळीत राहतो, आणि त्यातलं सूर्याचं प्रतिबिंब क्षितिजाच्या जेवढं खाली, तेवढाच खरा सूर्य वर. म्हणजे या दोघांमधला कोन सूर्याच्या उंचीच्या दुप्पट.

इथे एक अडचण येते. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, दुप्पट कोन १२०च्या पार जातो आणि मोजताच येत नाही. म्हणून दुपारची ही चाचणी नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतच करावी. उत्तम दिवस २२ डिसेंबर.

त्या दिवशी बारा वाजता ताटली उन्हात ठेवा, काकवी पूर्ण थिरू द्या. सेक्स्टंटच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या काचा आधी खाली पाडा. याला सूट नाही, डोळा कायमचा जातो. एखादी काच फुटलेली किंवा बदललेली असेल तर सूर्याकडे वळूच नका. ताटलीतलं प्रतिबिंब दिसेल असे बसा. सेक्स्टंट उभा धरून अर्ध्या पारदर्शक काचेतून ते प्रतिबिंब पकडा आणि हात हळूहळू पुढे नेत आकाशातला सूर्य खाली उतरवा. नव्वदीच्या पुढे गेल्यावर तो दिसू लागतो. दोन्ही चकत्या एकमेकींवर बरोबर बसवा. सूर्य अजून चढत असेल तर त्या सारख्या सुटत राहतात, पुन्हा जुळवत राहा. सोलापूरचा खरा मध्यान्ह त्या दिवशी घड्याळात साधारण बारा पंचवीसला येतो. तेव्हा चकत्या क्षणभर जागच्या जागी थांबतात, मग उलट्या सुटू लागतात. ते सर्वांत मोठं वाचन लिहून घ्या.

समजा चूक काढून ९७ अंश ४८ मिनिटं आलं. निम्मं केलं, ४८ अंश ५४ मिनिटं: ही सूर्याची उंची. नव्वदातून वजा केली, ४१ अंश ६ मिनिटं. त्यातून त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला जितका असतो ते २३ अंश २६ मिनिटं वजा केले. राहिले १७ अंश ४० मिनिटं, म्हणजे सोलापूरचा अक्षांश. तुमचं उत्तर यापासून दोन-चार मिनिटांत आलं तर सेक्स्टंट अस्सल आहे, आणि चांगल्या अवस्थेत आहे. शोभेच्या वस्तूवर अंशअंशाची चूक येते. शंभर वर्षांपूर्वी कोणा अधिकाऱ्याने भर समुद्रात वापरलेलं पितळ आपल्या अंगणात आपल्याच गावाची जागा दाखवतं, तेव्हा होणारा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. तो घ्यायलाच हवा.

होकायंत्राची चाचणी छोटी. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक फार थोडा आहे, त्यामुळे रात्री ध्रुवाच्या दिशेशी काटा ताडून पाहता येतो. मोटारसायकल, लोखंडी कपाट, मोबाइल दूर ठेवा. खिळा जवळ नेऊन तबकडी हलवा, खिळा काढा: ती दरवेळी त्याच अंशावर परतली पाहिजे. नाही परतली तर तबकडी ज्यावर तोललेली असते ते आतलं टोक झिजलंय.

क्रोनोमीटरबद्दल एवढंच की तो कधीही चालू ठेवून प्रवास करू नका. गोल फिरवल्यासारखा झटका बसला तरी त्याची नाजूक चाल बिघडते. जाणकाराकडून तोल-चाक थांबवून, पेटीत त्याला समतोल ठेवणारी झुलती कडी कुलूपबंद करून मगच आणावा. चार सेकंदांची चूक म्हणजे रेखांशात एक मिनिट, एवढ्या काटेकोर यंत्रावर गावातल्या घड्याळजीने प्रयोग करू नयेत.

पाचवी पायरी: आपल्या हवेत जपणं

खाऱ्या हवेचा जाच इथे नाही, ही सोलापूरची मोठी सोय आहे. शत्रू म्हणजे उन्हाळा. पारा चाळिशीच्या वर गेला की महोगनीच्या पेट्या फाटतात, सरस सुकून सांधे उघडतात, चामडं तडकतं. द्रव भरलेल्या होकायंत्रात फुगून गळती होते. पत्र्याच्या छताखाली, पश्चिमेच्या भिंतीला, कूलरच्या झोतात काहीही ठेवू नका. लोखंडी कपाटापेक्षा आतल्या खोलीतलं लाकडी कपाट बरं.

आणि पितांबरी, चिंच, लिंबू, राख लांब ठेवा. देवघरातली समई घासायची सवय हाताला असते, पण उपकरणाच्या पितळेवर सोनेरी रोगणाचा पातळ थर असतो आणि सेक्स्टंटच्या चापात चांदीच्या पट्टीवर केसासारख्या बारीक रेघा असतात. एकदा घासलं की रेघा गेल्या, उपकरण आंधळं झालं. मऊ ब्रशने धूळ झटका, सुती फडक्याने पुसा, हिरवा कळंक आला असेल तर लाकडी काडीने हलकेच काढा. आरशाचा पारा उडालेला असेल तर नवीन आरसा बसवता येतो, मात्र जुना जपून ठेवा.

काही जुन्या होकायंत्रांच्या आणि घड्याळांच्या अंकांवर रेडियमचा रंग असतो. आता अंधारात चमकत नाही म्हणजे निर्धोक झाला असं नाही. चमक देणारं रसायन संपतं, पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं असतं. काच उघडू नका, रंग खरवडू नका, निजायच्या खोलीत ठेवू नका.

सहावी पायरी: कायदा आणि नोंदवही

शंभर वर्षं पूर्ण झालेली वस्तू पुरावशेष कायदा १९७२ नुसार पुरावशेषात मोडू शकते. ती घरात ठेवायला हरकत नाही, पण अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, आणि ती खाजगीरीत्या परदेशी नेता येत नाही. जुन्या ऑक्टंटच्या काळ्या लाकडावरची पांढरी अंशपट्टी पुष्कळदा हस्तिदंताची असते. वन्यजीव कायद्याखाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, त्यामुळे कितीही मोह झाला तरी असा ऑक्टंट विकत घेऊ नका. आणि कोकणात समुद्रात किंवा किल्ल्यावर ‘सापडलेला’ नांगर, तोफगोळा, नाणं कोणी देऊ केलं तर हात लावू नका. तो ठेवा आपल्या सर्वांचा आहे, त्याची जागा सरकारी नोंदीत आणि संग्रहालयात.

प्रत्येक वस्तूला नोंदवहीत एक पान द्या: कुठून, कोणाकडून, कधी, किती रुपयांना, विकणाऱ्याने तोंडी काय सांगितलं, तुम्ही काय तपासलं, मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेले फोटो, कोरलेलं प्रत्येक अक्षर जसंच्या तसं. विकणाऱ्याचं सांगणं आणि तुमचा शोध वेगळ्या रकान्यांत लिहा, दोन्ही मिसळू देऊ नका. बिल घ्याच. बोटीचं नाव मिळालं तर लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या नोंदग्रंथाच्या जुन्या खंडांत ती कधी, कुठे बांधली ते शोधता येतं.

घरातलं कोणी परदेशी असेल आणि एखादी वस्तू तिकडे न्यायची असेल, तर ती शंभर वर्षांपेक्षा कमी वयाची असली तरी विमानतळावर तोंडी पटवून देण्याच्या भरवशावर राहू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला आधी मिळवा. त्या अर्जाला फोटो आणि तपशील लागतात, आणि ते तुमच्या नोंदवहीत तयार असतील.